चकचकीत कागदातली कुंडी

आमच्या घरात सकाळी सगळ्यात आधी ऐकू येते ती आत्यांची काठी. ठक्, ठक् करत ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येते, तिथं थांबते, आणि मग ठरलेली भविष्यवाणी होते, "दूध उतू जाणार आहे." मी शेगडीसमोर उभी असताना दूध कसं उतू जाईल? पण सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. सगळा जन्म वनस्पतींच्या संस्थेत नोकरी केली आणि राहिल्या याच घरात, मागच्या खोलीत. आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. गुडघे गेले, कान मात्र तिखट, आणि जीभ कानांहून तिखट. माझे मिस्टर साठीला आले तरी त्यांच्या लेखी 'छोट्या'च आहेत.

त्या गुरुवारी हे आरशासमोर गालांना फेस लावून उभे होते आणि आत्या खिडकीशी बसून कालचं वर्तमानपत्र नीट घडी करून ठेवत होत्या. आमच्याकडे रद्दी सहसा घराबाहेर जात नाही. वर्तमानपत्राचा आत्यांना मान्य असलेला उपयोग एकच, दोन पानांच्या मध्ये रोप पसरायचं आणि वर वजन ठेवायचं. त्यामुळे घरातलं कुठलंही जाड पुस्तक उघडा, एखादं वाळकं पान मांडीवर पडतंच. माझ्या लग्नाच्या अल्बममधूनही पडलं होतं. मला वाटलं कुणी प्रेमानं ठेवलंय. आत्या म्हणाल्या, "अगं, तेवढंच वजनदार पुस्तक रिकामं होतं."

तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना कुणीतरी बोटांनी टकटक करत होतं, तेही तालात.

"इतक्या सकाळी इतका आनंद कुणाला झालाय?" आत्या म्हणाल्या.

दारात दोघं उभे होते. पुढे संस्थेचे संचालक, कडक इस्त्रीचा कोट घातलेले. त्यांच्या मागे संस्थेच्या बागेचे प्रमुख. त्यांनी चकचकीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरलं होतं, दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तसं अवघडून. मी त्यांना "या, बसा" म्हणेपर्यंत आत दूध उतू गेलं. आत्यांची भविष्यवाणी खरी ठरली ती अशी.

"मॅडम," संचालक खुर्चीच्या टोकावर बसत म्हणाले, "रविवारी संस्थेला शंभर वर्षं होतायत. तुम्ही मुख्य पाहुण्या. गाडी येईल न्यायला. पण त्याआधी एक छोटीशी भेट आणलीय. ओळखा पाहू!"

बागप्रमुखांनी टेबलावर कुंडी ठेवली आणि कागद ओढून काढला.

कुंडीत एकच रुंद, राखी हिरवं पान मातीला चिकटून बसलं होतं. त्याच्या बगलेतून बोटभर देठ वर आला होता आणि देठाच्या टोकाला दुधी रंगाची कळी मान खाली घालून होती. ती अर्धी उमलली होती. मी चित्रात ते फूल शेकडो वेळा पाहिलं होतं, प्रत्यक्षात पहिल्यांदाच पाहत होते. मी "अगंबाई, रुसकी!" म्हणणार, एवढ्यात माझं लक्ष आत्यांकडे गेलं.

त्यांनी चष्मा काढला होता आणि स्वेटरच्या टोकानं काचा पुसत होत्या.

आत्या चिडल्या की ओरडतात. तो राग आमच्या सवयीचा आहे, मिठासारखा रोज लागतो. पण त्या गप्प बसून चष्मा पुसायला लागल्या की समोरच्यानं आपल्या चपला कुठे काढल्यात ते बघून ठेवावं. तो राग मी या घरात आल्यापासून एकदाच पाहिला होता. आलेल्या दोघांना हे ठाऊक नव्हतं. ते हसत होते.

त्यांना न कळलेलं तुम्हाला कळायचं तर मागे जायला हवं.

आत्या संस्थेत लागल्या तेव्हा तिथं बायकांसाठी एकच जागा होती, ती म्हणजे चिकटवण्याचं टेबल. पुरुष डोंगरांत जायचे, रोपं गोळा करून वाळवून आणायचे, आणि बायका ती जाड पांढऱ्या कागदावर सुईदोऱ्यानं टाचून, डिंकानं बसवायच्या. आत्या वनस्पतिशास्त्रात वर्गात पहिल्या आल्या होत्या, पण हातात आली ती डिंकाची बाटली. तेव्हाच्या प्रमुखांना सगळे 'मोठे साहेब' म्हणत. आत्यांनी त्यांच्याकडे डोंगरात पाठवण्याची परवानगी मागितली.

"तिथं साप असतात," मोठे साहेब म्हणाले.

"बाई पाहून जास्त विष सोडतात का?" आत्यांनी विचारलं.

परवानगी मिळाली नाही. मग आत्यांनी स्वतःची रजा टाकली, कारण म्हणून मामेबहिणीचं लग्न सांगितलं, भावाची विजार कमरेला दोरीनं आवळली आणि निघाल्या. त्या मामेबहिणीचं लग्न त्यानंतर दर उन्हाळ्यात होत राहिलं. शेजारच्या काकूंनी आमच्या आजेसासूबाईंना एकदा खोचकपणे विचारलं, "मुलीचं कुठे जमतंय की नाही?" त्या म्हणाल्या, "जमलंय की. डोंगराशी. तोंडानं कमी बोलतो, एवढंच बघितलं."

डोंगरातलं जगणं सोपं नव्हतं. आत्या एका खेचरवाल्याच्या आणि त्याच्या बायकोच्या सोबतीनं जायच्या. खेचराच्या पाठीवर एका बाजूला शिधा आणि दुसऱ्या बाजूला लाकडी फळ्या, पट्टे आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा. खुडलेलं रोप ओल्या कागदात राहिलं तर कुजतं, म्हणून कागद रोज बदलायचे आणि ओले झालेले शेकोटीभोवती वाळवायचे. खेचरवाल्याची बायको म्हणे, "लोक डोंगरात देव शोधायला येतात. ही बाई इथं बसून पेपर शेकते."

तिसऱ्या उन्हाळ्यात, झाडं संपून नुसते खडक आणि वारा सुरू होतो तिथं, रुसकी सापडली. पुढे कितीतरी जणांनी आत्यांना विचारलं, "शोध कसा लागला?" त्यांचं उत्तर ठरलेलं. "आडोशाला गेले होते. मोठ्या दगडामागे बसले आणि समोर बघते तर ही. मी अवघडले, ती अवघडली. दोघींनी माना खाली घातल्या." छापताना ते कुणी कधी तसं छापलं नाही. 'अथक परिश्रमांनंतर' असं छापायचे.

बर्फ वितळतं त्याच्या कडेकडेनं, दगडांच्या फटींत ती उगवते. एक पान, एक देठ, खाली मान घातलेलं एक फूल. शास्त्रातलं नाव वेगळं आहे, त्यात मोठ्या साहेबांचं आडनाव आहे. पण आत्यांना ती घुश्शात कोपऱ्यात जाऊन बसलेल्या पोरीसारखी वाटली, म्हणून आमच्या घरात तिचं नाव रुसकी, आणि पुढे संस्थेतही तेच रुळलं.

नवं रोप सापडलं की मुळापासून फुलापर्यंत सगळं हाती हवं, असा या लोकांचा नियम. नाहीतर ते नवं आहे हे कुणी मानत नाही. आत्या ती सगळी दुपार दगडांवर रांगत राहिल्या. आधी सगळी रोपं मोजली. मग त्यांतलं एकच, तेही मधल्या वयाचं, काढलं. बाकीच्यांची चित्रं जागेवर बसून काढली. "थोरलीला हात लावायचा नाही," त्या सांगतात, "तिच्या बियांवर सगळी वस्ती असते. आणि बी पडल्यापासून फूल यायला दहा-बारा वर्षं. माणसाचं पोर शाळा संपवत आणतं तेवढ्यात."

लेख छापला गेला तेव्हा त्यावर नाव मोठ्या साहेबांचं होतं. लोकांना वाटतं, आत्यांचा राग त्याचा आहे. सहानुभूती दाखवायला आलेल्या बायकांवर त्या खेकसायच्या, "नाव घाला चुलीत! मी काय सांगतेय ते ऐका!"

त्या सांगत होत्या ते टोपल्यांबद्दल. पुढच्या वर्षी बर्फ हटताच मोठ्या साहेबांनी माणसं पाठवली आणि टोपल्या भरभरून रुसकी खाली आणली. दुसऱ्या देशांतल्या संस्थांना पाठवायची होती, बदल्यात त्यांची रोपं मिळणार होती. संस्थेच्या व्हरांड्यात टोपल्या ओळीनं मांडल्या. खाली ऊन तापलेलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तो सगळ्या कळ्या एकदम उमललेल्या. सगळा व्हरांडा दुधी. गावातली माणसं बघायला लोटली, फोटो निघाले, मोठ्या साहेबांनी मिठाई वाटली. आत्याही घटकाभर हरखल्या.

आठवड्यात सगळ्या टोपल्या सडल्या. कंद दाबले की नासक्या कांद्यासारखे बोटांना चिकटत होते.

आत्यांनी ते कंद कापून पाहिले, आणि त्यांच्या ध्यानात आलं ते त्या आजही कुणालाही साध्या शब्दांत सांगतात. हे रोप थंडीत बेतानं जगतं. कंदात साठवलेलं थोडं थोडं काढतं. त्याला एकदम उष्म्यात आणलं की सगळी शिदोरी एका फुलावर उधळून टाकतं आणि संपतं. ते उमलणं म्हणजे आनंद नव्हे. ती शेवटची घरघर.

त्या मोठ्या साहेबांकडे धावल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असं होय? मग पुन्हा आणू."

आणि पुन्हा आणली. पुन्हा, पुन्हा, त्या उतारावर नुसते खड्डे उरेपर्यंत. हे दोन शब्द आत्या अजून त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवतात. "'पुन्हा आणू.' पिशवीतून चार लिंबं सांडावीत तसा म्हणाला."

पुढे कितीतरी उन्हाळे त्या शोधत राहिल्या आणि लांबच्या दुसऱ्या खिंडीत त्यांना रुसकीची आणखी एक वस्ती सापडली. लहानशी. त्यांनी बरीच वर्षं तोंडातून शब्द काढला नाही. दर वर्षी एकट्या जाऊन मोजून यायच्या. निवृत्त झाल्यावरही जात राहिल्या. मग गुडघे कुरकुरायला लागले, आणि आपल्यानंतर तिथं गुरं चरतील, रस्ता निघेल, या धास्तीनं त्यांनी संस्थेला ती जागा दाखवली. कुंपण घाला म्हणून हात जोडले. संस्थेनं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं. किल्ली अर्थातच संस्थेकडे. गुडघ्यांनी पुरती साथ सोडल्यापासून आत्या तिथं गेलेल्या नाहीत. पण त्या जिवाला लावून घेत नव्हत्या. म्हणायच्या, "कुलूप आहे ना, मग झालं."

तर आता आमच्या टेबलावरच्या कुंडीकडे येऊ.

चष्मा पुसून झाला. आत्यांनी तो डोळ्यांना लावला आणि हळू आवाजात विचारलं, "कुठून आणलं?"

"तुमच्याच कुंपणातून, मॅडम!" संचालक खुलले. "म्हटलं, अस्सल हवं."

"कसं काढलं?"

आता बागप्रमुखांची पाळी होती. "मी स्वतः उभा राहिलो, आजी. चौफेर खणून, मातीच्या गोळ्यासकट. एक मूळ तुटू दिलं नाही. आणि गंमत सांगू? गाडीत ठेवलं तेव्हा कळी गच्च मिटलेली होती. घाट उतरायला लागलो तशी उघडायला लागली. तुम्हाला भेटायची घाई झाली तिला!"

"मरायची घाई झालीय तिला," आत्या म्हणाल्या. "आणि मी तुमची आजी नव्हे."

त्यांनी कुंडी स्वतःकडे ओढली.

"एवढं एकच काढलंत?"

संचालकांनी बागप्रमुखांकडे पाहिलं, बागप्रमुखांनी कुंडीकडे.

"मंचाच्या कडेनं एक रांग करायची होती," संचालक म्हणाले. "संस्थेच्या बोधचिन्हावर रुसकी, मंचावर रुसकी, मधोमध तुम्ही. फोटोच्या दृष्टीनं..."

"थोरल्या घेतल्यात की धाकट्या?"

"छे, छे, उत्तमातल्या उत्तम! मोठी मोठी निवडून काढलीत," बागप्रमुख म्हणाले. बिचाऱ्याला वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल.

तेव्हा आत्या उठल्या. काठी न घेता. मी धावले आधाराला, त्यांनी मला बाजूला सारलं.

"गुरं शिरू नयेत म्हणून कुंपण मागितलं होतं मी! गुरं बरी हो! गुरं पान खातात, कंद खाली राहतो, पुढच्या वर्षी तोंड वर काढतो. तुम्ही मुळासकट आणलंत! वर सांगताय, एक मूळ तुटू दिलं नाही! अहो, चोर बरा. चोर फूल तोडून पळतो. तुमच्यासारखा प्रेमानं खणत बसत नाही!"

"मॅडम, आमचा हेतू..."

"हेतू चांगलाच आहे. मला का कळत नाही? मोठ्या साहेबांचाही चांगलाच होता, मिठाई वाटली त्यांनी! माझा सन्मान करायला माझ्याच घरावर दरोडा घातलात, आणि लुटीतलं एक भांडं मलाच आणून देताय, कागदात गुंडाळून!"

बागप्रमुखांनी धीर करून तोंड उघडलं. "तेव्हाची गोष्ट वेगळी होती, मॅडम. आता आपल्याकडे काचघर आहे, थंडाव्याची यंत्रं आहेत."

"त्या काचघरात रुसकी किती वर्षं जगवलीत?"

"ते... काचघर यंदाच झालंय."

"म्हणजे एकही नाही. आणि मंच काचघरात आहे?"

"मंच मैदानात आहे. पण रविवारी संध्याकाळी दोन-तीन तासांचाच प्रश्न..."

"दोन-तीन तास तुम्ही श्वास घेऊ नका. आपण बघू, काय होतं ते."

हे एवढा वेळ दारात उभे होते. एका गालावरची दाढी झालेली, दुसऱ्या गालावरचा फेस सुकून पापुद्रा धरलेला. मला वाटलं, आता आत्यांना शांत करतील. हे आयुष्यभर तेच करत आले आहेत. पण हे म्हणाले, "चांगलं बोलतायत आत्या. बोलू द्या."

मीही काही शांत नव्हते. उरल्या दुधाचा चहा करून मी ट्रे बाजूला ठेवला होता. तो मी तसाच आत नेला आणि चारही कप मोरीत ओतले. घरी आलेल्या माणसाला चहा न देण्याची ती माझी पहिली वेळ. बाहेर आले, कुंडी उचलली, फ्रीजचा खालचा कप्पा उघडला, कोबी, दुधी, लिंबं सगळं जमिनीवर काढून ठेवलं आणि रुसकीला आत ठेवलं. आत्यांनी मान फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "दिव्याकडे तोंड करू नकोस तिचं. आणि ओल्या फडक्यानं कुंडी गुंडाळ." एवढंच. पण त्यांच्या तोंडून हे माझं कौतुकच होतं.

संचालक रुमालानं कपाळ टिपत होते. मला त्यांची थोडी दयाही आली, खोटं कशाला सांगू. माणूस पहाटे उठून, आंघोळ करून, कुणाला तरी खूश करायला निघाला होता.

"पत्रिका वाटून झाल्यात, मॅडम," ते म्हणाले. "पाहुणे बाहेरून येतायत. तुम्ही रागावून आला नाहीत तर आम्ही तोंड कसं दाखवणार? रोपांचं कार्यक्रम झाल्यावर बघू ना काहीतरी. हवं तर सोमवारी परत..."

"सोमवारी ती सगळी फुललेली असतील," आत्या खुर्चीत बसत म्हणाल्या. ओरडून त्यांना धाप लागली होती. "फार सुंदर दिसतील. लोक टाळ्या वाजवतील. तुम्हाला वाटेल, म्हातारी उगाच बोंबलत होती. आणि मग टोपल्या भरभरून चिखल. मी तो हातानं उपसलाय. पुन्हा नाही उपसणार."

"पण आता काढून झालीत, मॅडम. झालेलं काही..."

"अजून उमलली नाहीत ना बाकीची?"

बागप्रमुखांनी मान हलवली. "बाकीची संस्थेत शीतकपाटात ठेवलीत. रविवारीच बाहेर काढायची म्हणून. ही एकच... ही तुमच्यासाठी तशीच गाडीतून आणली."

आत्यांनी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा आवाज उतरला होता, पण राग तसूभरही नाही. तो मला त्यांच्या बोटांत दिसत होता, खुर्चीच्या हातावर पांढऱ्या पडलेल्या.

संचालकांना वाटलं, वादळ सरलं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि मवाळ सुरात म्हणाले, "मॅडम, संस्थेकडून तुम्हाला काय हवं? तुमच्या नावाचं दालन, पारितोषिक, काहीही. तुमची एखादी इच्छा सांगा, मी रविवारी सगळ्यांसमोर जाहीर करतो."

"रविवारपर्यंत थांबायची गरज नाही. सोपी आहे, लिहूनही घ्यायला नको," आत्या म्हणाल्या. "तिथले खड्डे अजून बुजले नसतील. फ्रीजमधली ही आणि तुमच्या कपाटातली सगळी, आजच्या आज वर न्या आणि जिथून काढलीत तिथंच परत लावा."